साध्या वापरकर्तीच्या नऊ तक्रारी

"थांबा! त्याचं वजन करू नका."

भंगारवाल्याच्या काट्यावर मी नुकताच माझा जुना कॉम्प्युटर ठेवला होता. वळून पाहिलं, तर जुने सुटे भाग शोधायला आलेला एक उंच तरुण... हातात स्क्रू ड्रायव्हर, केसांत धूळ आणि चेहऱ्यावर अशी काळजी, जणू मी मांजराचं पिल्लूच विकायला काढलंय.

"मेलाय तो," मी म्हणाले. "चालू व्हायला वीस मिनिटं घेतो."

"मेला नाही, दमलाय. त्यात लिनक्स घालून देतो. फुकट असते ती, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. कुणीही आत डोकावून बघावं, बदलावं."

"फुकट? मग काहीतरी गोम असणार."

"गोम एकच. साध्या माणसाला ती रोज वापरता येते का, हे मलाही बघायचंय. पंधरा दिवस वापरून सांगा. तुम्ही साध्या आहात ना?"

"दिसत नाही का?"

तो चक्क निरखून बघायला लागला. "नाही," म्हणाला... आणि मग स्वतःच गडबडला.

मी कुकर, पंखे, मिक्सर यांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. दिवसभर लोकांना 'आधी सूचना वाचा' असं बजावते, स्वतः मात्र कधी वाचत नाही. त्याने लिनक्स घालून दिल्यावर पहिल्या तीन दिवसांत अक्षरं तुटकी दिसली, प्रिंटर रुसला. दोन्ही वेळा मी त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. समजावताना तो मान किंचित तिरकी करायचा, आणि मी "असं का?" विचारलं की खुलायचा. इतके "असं का?" मी शाळेतही विचारले नव्हते.

पंचाईत अशी झाली, की पुढे कॉम्प्युटर सुतासारखा सरळ चालायला लागला. भाषांतरं, ईमेल, वहिनीचे सिनेमे... सगळं बिनबोभाट. मग जायचं कोणत्या निमित्तानं? मी तक्रारी शोधल्या. माउस अडखळतो. आवाज घोगरा येतो. स्क्रीन जरा... निळसर दिसते.

"आज काय बिघडलंय?" वहिनी विचारायची. "कॉम्प्युटर, की तू?"

पंधराव्या दिवशी गेले, तर तो तोंड पाडून बसलेला.

"उद्या वाचनालयात जायचंय," तो म्हणाला. "त्यांचे बारा जुने कॉम्प्युटर भंगारात निघालेत. मी म्हटलं होतं, लिनक्स टाकून देतो, साधे वाचकही चालवतील. आता नको म्हणून सांगतो."

"असं का?"

या वेळी तो खुलला नाही. नुसती वही पुढे सरकवली. माझी प्रत्येक तक्रार, तारखेसकट. खाली लिहिलं होतं : साधी वापरकर्ती, नऊ तक्रारी, रोजच्या वापरासाठी योग्य नाही.

"माउसचं कारण तर सापडलंच नाही. तीनदा तपासलं. माझंच काहीतरी चुकत असेल."

माझ्या हौसेपायी बारा कॉम्प्युटर काट्यावर चढणार होते, आणि हा भला माणूस स्वतःलाच दोष देत बसला होता. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"नऊ नाहीत," मी म्हणाले. "दोनच."

"म्हणजे?"

"अक्षरं आणि प्रिंटर. बाकीच्या सात खोट्या."

"माउस?"

"खोटा."

"घोगरा आवाज?"

"तो माझा... तुमच्यासमोर आले की होतो."

"पण असं का?"

खरंच विचारत होता! इतका हुशार माणूस इतका भाबडा कसा काय असतो?

"कारण तक्रार नसती, तर तुम्ही भेटला नसता. लिहा वहीत — कॉम्प्युटर चौथ्या दिवसापासून उत्तम चालतोय. आणि... मला तुम्ही फार आवडता."

त्याचे कान लालबुंद झाले. पेन उचलून त्याने शेवटची ओळ खोडली, दोनदा.

"उद्या माझ्याबरोबर वाचनालयात चल," तो म्हणाला. अहो-जाहो कुठे गळून पडलं, ते त्यालाही कळलं नसावं.

"तिथे काय सांगू?"

"कॉम्प्युटरबद्दल सगळं खरं सांग. प्रिंटर रुसला होता, हेसुद्धा." त्याने वही मिटली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "दुसरं मात्र... मला आत्ता, परत एकदा सांग."