सोफ्याखालची ओळ

हेमांगी वाकणकरला त्या सामन्यातून मिळण्यासारखं होतं ते एवढं: जिल्ह्यातली एकेचाळीस खो-खो मैदानं, सहा वर्षांच्या खटाटोपावर एक सही आणि ‘प्लॅस्टिकवाल्या बाई’ या नावातून सुटका. जमलं नाही तर मैदानं मातीची राहणार होती आणि नाव कायमचं चिकटणार होतं.

सही करणारे होते संघटनेचे अध्यक्ष आण्णासाहेब ढवळशंख. वय एक्याऐंशी, अध्यक्षपदाची वर्षं बत्तीस, आणि मातीवर प्रेम इतकं की त्यांच्या बंगल्यात तिचा कण सापडायचा नाही. त्यांनी अट साधी घातली होती. वाघोशी आणि नांदगिरीच्या मुली गेल्या आठवड्यात मातीवर खेळल्या, तेव्हा दोन्ही डाव मिळून चौतीस गडी बाद झाले. आता त्याच मुली हेमांगीने बनवलेल्या प्लॅस्टिकच्या फरशीवर खेळतील. पस्तीस झाले तर सही. चौतीसच झाले तर चहा.

सामन्याच्या आदल्या दिवशी वाघोशीच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तिथल्याच संघाचे प्रशिक्षक शेटेसर एका निळ्या फरशीवर उकिडवे बसले होते. तिच्या कडेने आणखी तीसेक फरश्या एकमेकींत अडकवलेल्या होत्या.

“आता खो मिळाला समजा आणि उठा,” फिरोज मुजावर म्हणाला. हेमांगीबरोबर काम करणारा तो द्रवदाबाचा जाणकार.

शेटेसर उठले ते अर्धं पाऊल पुढेच गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

“ढकललं कुणी?”

“तुम्हीच. मघाशी पलीकडे उड्या मारल्यात ना, त्या परत मिळाल्या.”

“नीट सांगा. मी गणितात काठावर पास झालेला माणूस हाय.”

हेमांगीने एक सुटी फरशी हातात घेतली. तिच्या दोन कडांना कड्या होत्या, दोन कडांना खोबणी. “पाय आपटला की जमिनीला जोर मिळतो, सर. मातीत तो धुळीत आणि उष्णतेत वाया जातो, उरलेला गुडघ्याला बसतो. या फरशीच्या पोटात दाबजाळी आहे. द्रवाने भरलेली. ती तो जोर झेलते आणि कडीतून शेजारच्या फरशीला देते. तिथून पुढच्या फरशीला.”

“पुढं म्हणजे कुठवर?”

“जिथे भार स्थिर आहे तिथवर,” मुजावर म्हणाला. “प्रत्येक फरशीत एक भारझडप आहे. वरचं वजन हललं नाही की ती उघडते. वजन जितकं जास्त आणि वेळ जितका जास्त, तितकी मोठी उघडते. मग सगळा दाब तिकडे धावतो, साठून राहतो आणि वरचा माणूस उठायला लागला की त्याला खालून रेटा देतो.”

शेटेसरांनी क्षणभर विचार केला. खो-खोत स्थिर कोण असतं, तर मधल्या पाटीवर बसलेल्या आठ मुली. “म्हणजे पळणारी खर्च करणार आन् बसलेली उचलणार.”

“दोन्ही संघ आळीपाळीने बसतात,” हेमांगी म्हणाली. “त्यामुळे अन्याय कुणावरच नाही.”

“आमच्या घरी पण हीच पद्धत हाय,” शेटेसर म्हणाले. “आळीपाळी तेवढी न्हाई.”

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सुरू झाला. निळं मैदान उन्हात लखलखत होतं, कडेला मांडव होता, मांडवात मखमली सोफा होता आणि सोफ्यावर आण्णासाहेबांसह चार मान्यवर होते. मुली छान पळत होत्या, सूर छान मारत होत्या. गुडघा कुणाचाही फुटला नाही. पण गडी बाद होईनात. बसलेल्या मुली खो मिळाल्यावर मातीवरून उठाव्यात तशाच उठत होत्या, किंबहुना थोड्या उशिराच. पहिला डाव संपला तेव्हा दोन्ही संघांचे मिळून तेरा गडी बाद झाले होते.

वाघोशीची कर्णधार पल्लवी मगदूम घाम पुसत हेमांगीकडे आली. “ताई, फरशी झोपलीय काय? काल सरांना ढकलत हुती. आज नुसती गिळतीय.”

दुसऱ्या डावात बावीस गडी हवे होते. अशा फरशीवर ते होणार नव्हते, हे गणितात काठावर पास झालेल्यालाही कळत होतं.

मध्यंतरात आण्णासाहेबांचं भाषण होतं. एरवी त्यांना उठवायला दोन कार्यकर्ते लागत. आज त्यांनी दोघांचेही हात बाजूला सारले आणि स्वतःच उठून दोन पावलांवरच्या माईकपाशी उभे राहिले. मांडवात कौतुकाची कुजबुज झाली.

“आधी एक सांगतो,” ते म्हणाले. “पोरींना बसवून ठेवू नका. अंग थंड पडतं. माझं बोलणं होईस्तोवर सुरांचा सराव चालू द्या.”

टाळ्या पडल्या. एवढी काळजी करणारा अध्यक्ष कुठल्या जिल्ह्याला मिळतो? मुली बिचाऱ्या पुन्हा मैदानात उतरल्या.

मुजावर फरश्यांच्या दाबाचे आकडे दाखवणारी मापनपाटी घेऊन हेमांगीजवळ आला. “म्याडम, बेरीज जुळत नाही. मैदानाने झेललेला जोर शंभर धरा. बसलेल्या मुलींना मिळाला अठरा. घर्षणात गेला वीस.”

“गळती?”

“एक थेंब नाही. बासष्ट कुठेतरी पोचलाय. जोर हरवत नसतो. कुणीतरी मुलींपेक्षा जड आहे आणि मुलींपेक्षा जास्त वेळ बसलंय.”

हे वाक्य संपेपर्यंत दोघंही मांडवाकडे पाहत होते.

मैदानाच्या कडेला निळा रंग संपायला हवा होता. तो संपला नव्हता. उरलेल्या फरश्या पोत्यात पडून होत्या, त्या मांडववाल्यांनी काढून मैदानाच्या कडेपासून माईकखालून थेट सोफ्याखालपर्यंत अंथरल्या होत्या. पायाने दाबलं की कडी खोबणीत टक्कन बसायची. हेमांगीला या गोष्टीचा मोठा अभिमान होता. मांडववाल्याला तिने विचारलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “मग काय पाहुण्यांना मातीत बसवायचं, बाई?”

सोफा आणि चार मान्यवर मिळून पाचशे किलोच्या आसपास. चाळीस मिनिटांत मान्यवरांपैकी तिघांनी मांडीसुद्धा बदलली नव्हती. समोर पंचेचाळीस किलोची पोर एका चौकोनात मोजून दहा-बारा सेकंद बसत होती. झडपेने काय ओळखायचं? तिला भार कळतो, माणूस कळत नाही.

हेमांगी भाषणाकडे नीट पाहू लागली. मैदानात पल्लवी सूर मारून आपटली की इकडे आण्णासाहेब एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत, किंचित उंच होत आणि नवा मुद्दा सुरू करत. बावीस मिनिटांत त्यांचे अकरा मुद्दे झाले.

ते सोफ्यावर परतले तेव्हा ती जवळ गेली. प्रमुख पाहुण्यांना उठवणं ही वाघोशीत लहान गोष्ट नव्हती, आणि सही करणारा हात त्यांचाच होता. तरी ती म्हणाली, “आण्णासाहेब, सोफ्याखालची ओळ मैदानाला जोडली गेलीय. ती सोडवावी लागेल. मुलींचा जोर इकडे येतोय.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“आत्ता.”

“मला तिसऱ्या मिनिटाला,” आण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले. “तिकडं पोरगी आपटली की इकडं पाय उचलतोय. चार वेळा उठून टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला खेळाची काय आवड.”

हेमांगीला एकदम उलगडलं. “आणि सराव चालू ठेवायला सांगितलात तो?”

“मग? बावीस मिनिटं उभं राहायचं म्हणजे कुणीतरी पळायला नको?”

“मुली दमल्या, आण्णासाहेब.”

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. पल्लवी खांबाला टेकून पोटऱ्या चोळत होती. आण्णासाहेबांच्या तोंडावरचं हसू राहिलं, पण जरा खाली उतरलं.

“बत्तीस वर्षं ह्या पोरींच्या पळण्यावरच उभा हाय मी, बाई. तुमच्या फरशीनं ते मोजलं, एवढंच.” ते सोफ्याच्या कडेला सरकले. “सोडवा ओळ. पण अट ती अट. पहिला डाव वगळायचा न्हाई. पस्तीस म्हणजे पस्तीस.”

“वगळू नकाच,” हेमांगी म्हणाली. “फरशीने सांगितलेलं काम चोख केलं. कुणाला जोडायचं नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.”

मान्यवर उठले, सोफा हलला. मुजावर आणि शेटेसरांनी मैदानाच्या कडेची एक ओळ उचकटून बाजूला ठेवली. सोफा मग पुन्हा तिथेच मांडला. आता त्याच्या खाली नुसत्या निळ्या फरश्या होत्या, कुणाशीही नातं नसलेल्या.

दुसऱ्या डावात पहिलाच खो मिळाला आणि पल्लवी उठली ती पुढे पळणाऱ्या नांदगिरीच्या मुलीच्या पाठीला हात लावूनच थांबली. पलीकडच्या संघाने “ओ” असा एकच आवाज काढला. नऊ मिनिटांत वाघोशीने बारा गडी टिपले. मग नांदगिरीच्या मुली पाटीवर बसल्या. मघाशी आपल्याला कशाने दमवलं हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनीही बारा टिपले. तेरा आणि चोवीस, सदतीस. सामना वाघोशीने एका गड्याने जिंकला, पण शेटेसर दोन्हीकडच्या मुलींच्या पाठीवर थापा देत फिरत होते.

आण्णासाहेबांनी एकेचाळीस मैदानांच्या कागदावर सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: ‘फरशीच्या कडेपासून दहा फुटांत खुर्ची, सोफा व अध्यक्ष ठेवू नये.’

“अध्यक्षसुद्धा?” मुजावरने विचारलं.

“तोच आधी,” ते म्हणाले.

मग बक्षीस द्यायची वेळ झाली. पहिल्या डावात मुलींनी दिलं होतं आणि सोफ्याने घेतलं होतं. दुसऱ्या डावात मुलींनी दिलं आणि मुलींनीच घेतलं. कुणाचं कुणाकडे राहिलं नाही. फक्त आण्णासाहेबांना सोफ्यातून उठायला दोन माणसं आणि तीन प्रयत्न लागले. त्या दिवसाचं जे काही भरायचं होतं ते त्यांच्या गुडघ्यांनी भरलं, आणि आपल्या पायांनी चालत जाऊन त्यांनी ढाल पल्लवीच्या हातात दिली.