समोरची बैठक

दोऱ्याचं रीळ शोधायला ती मागच्या खोलीत गेली, त्याला पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. परत येते तो दुकानात एक परका माणूस झोपलेला! दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी तिने चार दिवस खपून गादी शिवलेल्या नव्याकोऱ्या बाकावर, ओल्या पँटीसकट, छत्री मांडीवर घेऊन, मान एका बाजूला टाकून...

बाहेर आठ दिवसांचा पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता. जोर नाही, उघडीप नाही, नुसती रिपरिप. तिचंही सकाळपासून तसंच चाललं होतं. उभं राहून पाय भरून आले होते, मान आखडली होती, आणि आता हे.

"अहो... अहो! उठा आधी! तो बाक विकलेला आहे!"

तो धडपडून उठला. छत्री खाली पडली, ती उचलताना चष्मा पडला.

"माफ करा हं. पत्ता विचारायला आलो होतो. म्हटलं, कोणी येईपर्यंत जरा टेकावं — आणि मग..." त्याने वळून बाकाकडे पाहिलं. काहीतरी तिथेच राहून गेल्यासारखं. "हे कोणी केलं?"

"मी."

"मग पत्ता राहू द्या. माझं काम तुमच्याकडेच आहे."

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. उजवा हात थरथरायला लागल्यापासून बाबांनी सुई सोडली होती, पण मतं सोडली नव्हती. "चांगल्या बैठकीची परीक्षा एकच, पोरी! बसलेल्याला उठावंसं वाटू नये! किती वेळ झोपला होता गं तो?"

"बाबा!" ती ओरडली. माणूस मात्र हसला. दमलेलं, पण मनापासूनचं हसू होतं ते.

तो चष्मेवाला होता. जिथे चष्म्याचं दुकान नाही अशा गावांत, गिरण्यांत, वसाहतींत जाऊन लोकांचे डोळे तपासायचे, मापं घ्यायची आणि पुढच्या फेरीला चष्मे पोचते करायचे, हा त्याचा धंदा. त्यासाठी दोनच महिन्यांपूर्वी त्याने नवाकोरा ट्रेलर घेतला होता. मोटारीमागे जोडलेली चाकांवरची खोलीच ती. आत समोरासमोर दोन बैठका, मध्ये छोटं टेबल. एका बैठकीवर तो, दुसरीवर गिऱ्हाईक.

"बसून बघा ना," तिला ट्रेलरमध्ये नेऊन तो म्हणाला.

"मी बसत नाही. मी बसले की कामं उभी राहतात."

तिने गिऱ्हाइकाच्या बाजूच्या गादीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच, वर यायचं नाव नाही. मग तिने खालची शिवण दोन बोटं उसवली. आत एकसंध फोम नव्हताच. गुलाबी, हिरवे, पिवळे चुरे गोंदाने चिकटवलेले, आणि तळाला चक्क पुठ्ठा.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," ती म्हणाली. "विकणाऱ्यांना कळवलं नाहीत?"

"कळवलं. ते म्हणाले, गाद्यांना हमी नाही. त्या बसल्यामुळे खराब झाल्या."

"मग काय गादीवर उभं राहायचं?"

दोघंही हसले. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली. पण त्याचं हसू लगेच मावळलं.

"हसण्यावारी नेलं असतं हो. पण दोन भागांचा चष्मा असतो ना, वर लांबचं, खाली जवळचं — त्याची मधली रेघ नेमकी कुठे यावी, ते मी समोर बसून काचेवर ठिपका देऊन ठरवतो. त्या वेळी दोघांचे डोळे एका रेषेत हवेत. मी आधी रेष जुळवायचो, पण पेन शोधेपर्यंत समोरचा माणूस हळूहळू खाली जायचा. मला कळलंच नाही. सूतगिरणीतल्या चाळीस जणांचे चष्मे चुकले. कोणी सपाट जमिनीवर पायरी समजून पाय उचलतंय. एक आजोबा तर जिन्यावरून पडता पडता वाचले."

तिने विचारलं, "आता?"

"शनिवारी सगळ्यांची मापं पुन्हा घ्यायचीयत. पुन्हा चुकली तर गिरणीचं दार बंद. मग पुढच्या सहा गावांत माझ्याआधी माझी कीर्ती पोचणार."

मंगळवार होता. हातात पाच कामं होती, त्यातलं एकही पुरं नव्हतं. तिने मनातल्या मनात नाही म्हणायची तयारी केली आणि तोंडाने म्हणाली, "शुक्रवारी सकाळी या." असं का म्हटलं, ते तिचं तिलाच कळेना.

मग मधले दोन दिवस तो संध्याकाळी 'सहज' येत राहिला. कधी कापडाचा रंग ठरवायला, कधी ठरवलेला रंग नक्की तोच ना, हे विचारायला.

"वजन किती तुमचं?" तिने टेप गळ्यात टाकत विचारलं.

"एवढ्या थोड्या ओळखीत?"

"फोम त्यावर ठरतो."

"एकाहत्तर. आणि तुमचं?"

"मी कुठे बसणार आहे त्यावर?"

"समोरच्या बैठकीवर कोणीही बसू शकतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला, "म्हणून विचारलं... आपलं... अंदाजासाठी."

तो गेल्यावर तिने दुकानाच्या काचेत स्वतःकडे एकदा पाहिलं. केसांत फोमचा भुगा होता. पाहिलं असेल का त्याने? पाहिलंच असणार, त्याचा धंदाच बघण्याचा.

शुक्रवारी सकाळी नव्या गाद्या ट्रेलरमध्ये बसल्या. घट्ट फोम, कोपरे कसे रेखीव, शिवण सरळ. त्याने दोन्ही बैठकांवर मिळून एक फळी आडवी टाकली आणि वर सपाटी बघायची पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

तिने फळी फिरवली, पाणसळ उलटी करून ठेवली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला. गिऱ्हाइकाच्या बाजूची गादी बोटभर खाली होती.

तिचा चेहरा उतरला. तिनेच कापली होती ती, दोनदा मोजून. कारखानेवाल्यांना नावं ठेवताना जीभ कशी चुरुचुरु चालली होती! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते उगाच नाही.

त्याने तिच्या गळ्यातला टेप काढला आणि तिच्या हातात दिला. "ही बारीक रेघ. कितीची?"

तिने टेप नेहमीसारखा धरला. मग थोडा लांब. मग आणखी लांब.

"हात अजून वीतभर लांब असता तर नक्की वाचलं असतंत," तो हळूच म्हणाला.

"हसा! हसून घ्या!" ती उसळली, आणि पुढच्याच क्षणी तिला रडू आलं. तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं. "सहा महिने झाले. दोरा सुईत जात नाही, रेघा एकमेकींत मिसळतात. कोणाला सांगू? बाबांचा हात गेला, आता माझे डोळे गेले तर दुकान कोण बघणार? आम्ही दोघांनी करायचं काय?"

एवढं ती कोणाशीच बोलली नव्हती. पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

"डोळे कुठे गेलेत? चाळिशी आलीय फक्त."

"मी अडतिसाची आहे!"

"दोन वर्षं आधी आली. तुमच्याकडे सगळीच कामं घाईची असतात ना."

रडता रडता तिला हसू फुटलं.

"आणि एक सांगू?" तो म्हणाला. "या गाडीत बसून मी चाळीस माणसांचं माप चुकवलंय. तुम्ही एका गादीचं. तुम्हाला मला गाठायला बराच वेळ लागेल."

मग त्याने टेप वाचला आणि तिने सुरी चालवली. तो आकडा सांगायचा, ती खूण करायची, तो पुन्हा वाचून बघायचा. डॉक्टरीणबाईंचा माणूस बाक न्यायला आला, त्याला बाबांनीच बाहेर येऊन बाक दिला. दुपारी फळी पुन्हा आडवी पडली. बुडबुडा जरा डुलला आणि बरोबर मधोमध थांबला.

तिचा जीव भांड्यात पडला.

"आता बसायला हवं," तो म्हणाला. "माणूस बसल्याशिवाय खरं कळत नाही."

ती बसली. तो समोर बसला. दोघांचे डोळे एका रेषेत आले आणि तिथेच राहिले. कोणी खाली गेलं नाही. त्याने एक रिकामी चौकट तिच्या नाकावर ठेवली, काड्या कानांमागे नीट केल्या. त्याची बोटं पावसाने गार झाली होती.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा... आता उजव्या."

तिला वाटलं, कान तापलेत, त्याच्या बोटांना कळलं असणार. आयुष्यभर लोक तिच्या हातांकडे बघत आले होते, काम झालं का म्हणून. असं डोळ्यांत कोणी पाहिलं नव्हतं.

"किती वेळ बघायचं?"

"माप मिळेपर्यंत."

"मिळालं?"

"मघाशीच," तो म्हणाला, आणि घाईघाईने वहीत काहीतरी लिहायला लागला.

तो निघाला तेव्हा ती धंद्याच्या आवाजात म्हणाली, "तीन आठवड्यांनी गाडी दाखवायला आणा. फोम किती बसलाय ते बघावं लागतं." हा नियम बाबांनी केलेला होता आणि कुठलंच गिऱ्हाईक तो पाळत नसे. हेही तिला ठाऊक होतं.

तीन आठवडे फार हळू गेले. इस्पितळातल्या बाकांचं मोठं काम आलं, तिला पहाटे उठून शिवावं लागे. मोटारीचा आवाज आला की सुई थांबायची आणि मोटार पुढे गेली की तिला स्वतःचाच राग यायचा. येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं, आपण कशाला जीव टांगून घ्यायचा? पण जीव टांगलेला होता. एकदा बाबांनी डाव्या हाताचं बोट एका शिवणीवरून फिरवलं.

"टाके चुकतायत गं," ते म्हणाले. "मला मागेच कळलं होतं. पण डोळ्यांचं विचारायला धीर झाला नाही. हो म्हणाली असतीस तर मी काय करणार होतो?"

ती बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून जरा वेळ उभी राहिली. मग पुन्हा कामाला लागली.

एकविसाव्या दिवशी दुपारी ट्रेलर दारात येऊन थांबला.

"फोम दाखवायला आलोय," तो खिडकीतून म्हणाला.

ती छत्री न घेताच गेली. आत दोन्ही बैठका होत्या तशाच ताठ होत्या. गिरणीत चाळीसही चष्मे बरोबर लागले होते, आजोबा जिना उतरून स्वतः सांगायला आले होते. हे सगळं एका दमात सांगून त्याने टेबलावर चष्म्याची एक डबी ठेवली. ती समोर बसली आणि चष्मा लावला.

आधी तिला आपली शिवण दिसली, टाका न् टाका. मग तो दिसला. कानांजवळ पिकलेले केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शर्टाच्या कॉलरला स्वतःच घातलेला वेडावाकडा टाका.

"तुम्ही तर माझ्याइतकेच दमलेले दिसता," ती म्हणाली.

"हो." तो टेबलाकडे बघायला लागला. "मला... थोडं बोलायचं होतं. वाटेत पाठ केलंय, मध्ये थांबलो तर विसरेन. म्हणजे असं — दिवसभर या बैठकीवर माणसं येतात, बसतात, जातात. आणि मला वाटतं, तुम्ही समोर..."

पाऊस छपरावर एका सुरात वाजत होता. तिने पाठ टेकली. फक्त क्षणभर. पहाटे चारपासून ती उभी होती...

जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पाऊस थांबला होता. तिच्या अंगावर त्याचा कोट होता. चष्मा डबीत नीट ठेवलेला. ट्रेलरच्या दारावर 'बंद'ची पाटी होती आणि तो समोर बसलेला होता.

"अगं बाई! किती वेळ झाला?"

"दीड तास."

"मला उठवलं का नाहीत?"

"बाबांनी सांगितलेली परीक्षा घेत होतो. बैठक पास झाली."

ती ओशाळली. "तुम्ही बोलत होतात आणि मी..."

"हो. बरंच बोललो. अर्ध्या वाटेवर वर पाहिलं, तर तुम्ही गाढ."

"ऐकलंय मी. 'तुम्ही समोर' इथपर्यंत." तिने चष्मा पुन्हा लावला. "पुढचं सांगा."

त्याने एक मोठा श्वास घेतला. या वेळी टेबलाकडे पाहिलं नाही. "तुम्ही समोर असलात की माझा शीण जातो. मला तुम्ही आवडता. फिरती सुटणार नाही माझी, पण आठवड्यातले तीन दिवस गाडी इथे, तुमच्या दारात उभी करीन म्हणतो. मघाशी तुम्ही झोपलात तेव्हा बाबांना विचारून आलो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दार तिचं आहे, तिला विचार."

टेबलावरचा त्याचा हात तिने आपल्या सुयांनी खरखरीत झालेल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"कॉलरचा टाका मी नीट घालून देईन," ती म्हणाली. "तीन दिवस हा असला टाका माझ्या दारात दिसायला नको."

तेवढ्यात दुकानातून हाक आली. "पोरी! गिऱ्हाईक आलंय गं! इस्पितळाचा माणूस, घाईत आहे!"

सवयीने तिचे पाय उठायला निघाले. त्याने हात सोडला नाही, पण ओढलाही नाही. तिने एकवार दाराकडे पाहिलं, एकवार त्याच्याकडे, आणि पाठ पुन्हा टेकली.

"बाबा," तिने मोठ्याने सांगितलं, "त्यांना म्हणावं जरा थांबा. मी बसलेय."