आठव्या रविवारचं पान

पाणी तपासणं हा माझा व्यवसाय. बावीस वर्षं मी शहराच्या पाणी प्रयोगशाळेत आहे. नळापर्यंत न जाता खुर्चीत बसूनच आकडे भरण्याला आमच्याकडे टेबल-तपासणी म्हणतात. असली एक वही पकडून मी एका सहकाऱ्याची नोकरी घालवली होती. त्याला दोन लहान मुलं होती आणि मी नियमावर बोट ठेवून ताठ उभा होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी माझी गय करणार नाही.

दादा गेला तेव्हा त्याच्या मागे वहिनी राहिल्या, आणि बैठकीच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी. तिच्यात अकरा रेनबो मासे. नर निळे-केशरी, माद्या साध्या चंदेरी. "मासा आजारी पडत नाही रे, पाणी आजारी पडतं," असं दादा म्हणायचा. पीएच साताच्या जरा वर, पाणी थोडं जड, अमोनिया शून्य, एवढं जमलं की नरांना रंग चढायचा. बिघडलं की ते जुन्या फडक्यासारखे विटायचे. दर रविवारी सकाळी तो पाणी तपासून वहीचं एक पान भरायचा: पीएच, जडपणा, अमोनिया, मासे किती, शेरा. ते काम मी अंगावर घेतलं. वहिनींना तेवढाच आधार होता. टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी वेताच्या खुर्चीत बसून त्या रोज ती वही वाचायच्या.

चार रविवार मी नीट केलं. मग कंटाळलो. खरं तर वहिनींसमोर तासभर गप्प बसणं मला झेपेना. वहीची शिवण उसवलीय असं सांगून ती घरी नेली आणि एका बैठकीत पुढच्या आठ रविवारांची पानं भरून टाकली, तीन वेगवेगळ्या पेनांनी. सगळंच गुळगुळीत असलं की संशय येतो हे मला ठाऊक होतं. चोराच्या वाटा चोराला माहीत. म्हणून मधेमधे शेरे घातले. 'एका नराची शेपटी फाटलेली.' 'वहिनी घरी नव्हत्या, किल्ली शेजारून घेतली.' शेवटच्या पानापर्यंत हात अवघडला होता. ते मी परत वाचलंही नाही.

भरलेली पानं क्लिपखाली दाबून वही परत दिली. "डिंक वाळायचाय वहिनी. दर रविवारी एकेक पान मी सोडवीन." त्यांनी मान डोलावली.

मग मी दहा मिनिटं जायचो, दाखवायला एक नळी पाण्यात बुडवायचो, माशांना खाऊ घालायचो आणि निघायचो.

तिसऱ्या रविवारी एका नराची शेपटी फाटलेली दिसली. म्हटलं, योगायोग.

चौथ्या रविवारी मात्र खरंच पाणी तपासलं. पीएच ७.४, जडपणा ९. पानावर ७.४ आणि ९.

पाचव्या पानावर मी ७.८ लिहिलं होतं. ते खोटं पडावं म्हणून प्रयोगशाळेतून ६.८ चं पाणी बादलीभर नेलं आणि टाकीतलं तेवढं पाणी बदललं. टाकीत ७.८ आलं. बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात तेव्हाही ६.८ च होतं. तीनदा तपासलं. मासे मजेत फिरत होते.

सातव्या रविवारी वहिनी वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. क्लिप बाजूला काढलेली होती.

"भाऊजी, पुढच्या रविवारी मी कुठे जाणार आहे?"

मी उगाच नळी पाण्यात बुडवली.

"मी पहिल्याच दिवशी वाचलं सगळं," त्या म्हणाल्या. "तुमचं मन लागत नव्हतं, दिसत होतं मला. म्हटलं, येतायत ना, तेवढं पुरे." मग त्यांनी दादाचं पेन माझ्यापुढे धरलं. "पण तुमचं सगळं बरोबरच निघतंय. मला कुठे जायचं नाहीये हो. एवढं खोडा ना."

खोडायचं म्हणजे कबूल करायचं. त्यांना सगळं माहीत असताना, त्यांच्या तोंडावर, मी म्हणालो, "अहो, ते जुनं पान आहे. शिवताना चुकून पुढे लागलंय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. ती नजर आठवली की अजून मान वर होत नाही.

आठव्या रविवारी दाराला कुलूप होतं. मी काही विचारायच्या आत शेजारच्या बाईंनी किल्ली पुढे केली.

"कुठे गेल्यात?"

"काय माहीत. किल्ली माझ्याकडे कधी आली, तेही आठवत नाही बघा."

आत उंबऱ्याशी वहिनींच्या चपला होत्या. दोन्ही जोड.

खुर्चीवर चष्मा होता.

वही उघडली. पीएच ७.५. पाणी तपासलं. ७.५.

मासे: बारा.

अकराच्या जागी मी बारा लिहिलं होतं. नुसता हात चुकला होता.

खाऊ टाकला. अकरा मासे वर झेपावले.

बारावा डाव्या कोपऱ्यात थांबला होता, खुर्चीच्या बाजूला. चंदेरी. मादी.

वहिनी हरवल्याची तक्रार मीच दिली. वहीबद्दल कुणाला काही बोललो नाही. नंतरच्या कितीतरी पानांवर 'वहिनी घरी होत्या' असं लिहून पाहिलं. काही होत नाही. मासे बाराच भरतात.

दर रविवारी मी जातो आणि पाणी खरोखर तपासतो. माझ्यासमोर ती कधीच खात नाही. मी पेनाचं टोपण काढलं की तेवढी काचेपाशी येते, आणि ते परत लागेपर्यंत हलत नाही.