मेलेल्या शिपायाचा नवा मुकुट

“हलू नकोस!” सुरेखा कुजबुजली.

विनयनं उचललेला पाय तसाच हवेत धरला. मागून येणारी उल्रिके त्याच्यावर आदळली आणि टोपलीतली अळंबी पालापाचोळ्यावर सांडली.

“काय झालं?”

“ऐक!”

राइशवाल्डच्या जंगलात धुकं उतरलं होतं. अजून दुपार कलली नव्हती, तरी समोरचं बीचचं झाड म्हणजे नुसती सावली! पाखरू बोलत नव्हतं, पान हलत नव्हतं. आणि त्या मुक्या जंगलाच्या पोटातून आवाज आला.

टण… टण… टण.

कुणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. सावकाश. दमून दमून.

उल्रिकेचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. “तोच! मेलेला टॉमी! पळा!”

आणि स्वतः पळालीसुद्धा! सकाळी हीच बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, ‘भूत दिसलं तर मी लाथ घालीन!’ बढाईला पाय नसतात म्हणतात. मग पळायची वेळ आली की हिला इतके कुठून फुटले, कोण जाणे!

सुरेखानं विनयचं मनगट धरलं आणि तीही धावत सुटली. काट्यांच्या जाळीपाशी विनय पालथा पडला. उठला तेव्हा त्याच्या मुठीत चिखलानं माखलेलं, बोराएवढ्या जाडीचं काहीतरी टणक होतं.

“टाक ते!”

“नाइन!” विनय म्हणाला. घरात मराठी सगळी कळायची त्याला, पण उत्तर जर्मनमध्ये. “मला सापडलंय, माझं आहे!”

साल अठ्ठावन्न. सुरेखाचे बाबा, दिनकरराव, आखनच्या विद्यापीठात यंत्रांवर संशोधन करत होते. धाकट्या विनयचा खोकला हटेना, म्हणून डॉक्टरांनी खेड्यातली हवा सांगितली. शाळेला शरदातली सुट्टी लागली तशी आई, कुसुमताई, दोघांना घेऊन हॉलंडच्या सीमेजवळ, या जंगलाच्या कडेला, फ्राऊ लामर्स यांच्या शेतघरात येऊन राहिली. बाबा दसऱ्याला येणार होते; तोवर विनय कवायतींसाठी आलेल्या इंग्रजी फौजेच्या लॉऱ्या मोजत बसायचा. उल्रिके ही फ्राऊ लामर्सची भाची. तेरा वर्षांच्या सुरेखापेक्षा एका वर्षानं लहान, आवाजानं मात्र दुप्पट मोठी!

तिघं धापा टाकत स्वयंपाकघरात शिरली. फ्राऊ लामर्सनी काही न विचारता दाराला अडसर घातला आणि खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढल्या.

“तो आवाज ऐकलात?” त्यांनी विचारलं.

“हो,” उल्रिके म्हणाली.

चुलीपाशी बाईंचा भाऊ थेओ सूप ओरपत होता. गावचा पोलीस. पोट पुढे, मिशा त्याच्याही पुढे. त्याची ताऱ्याचा बिल्ला लावलेली टोपी शेजारच्या खुर्चीवर पाहुण्यासारखी बसली होती.

“पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत इथं मोठी लढाई झाली,” फ्राऊ लामर्स हळूच म्हणाल्या. “आम्ही सगळे तळघरात. एक इंग्रज शिपाई, आम्ही त्यांना टॉमी म्हणतो, जंगलात जखमी होऊन पडला होता. पाण्यासाठी जेवणाचा डबा वाजवत होता. रात्रभर! वरून तोफगोळे पडत होते, कोण जाणार? पहाटे डबा थांबला.” त्यांनी ओले हात पुसले, पुन्हा पुसले. “गावात म्हणतात, धुकं आलं की तो अजून वाजवतो.”

“तुम्ही दरवर्षी ऐकता?” सुरेखानं विचारलं.

“नाही गं. यंदाच. परवापासून.”

“वारा आहे वारा!” थेओ म्हणाला. “जुन्या खंदकांत पत्रे लोंबतायत.”

विनयला कुठं चैन पडतंय! त्यानं डाव उचलला आणि दुधाच्या कॅनवर तीनदा हाणला. टण, टण, टण!

क्षणभर काही नाही. मग झडपेपलीकडून, धुक्यातून, खोल कुठून तरी…

टण… टण… टण.

विनयनं दोनदा वाजवलं. जंगलानं दोनदाच उत्तर दिलं.

फ्राऊ लामर्सनी डाव हिसकावला. “पुरे! मेलेल्यांना हाक मारू नये!”

“ओंकेल थेओ,” विनय बारीक आवाजात म्हणाला, “वाऱ्याला मोजता येतं?”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” उल्रिके टेबलाखालून ओरडली. “सांगा की!”

थेओनं सूप अर्धवट टाकलं, टोपी डोक्यावर घातली आणि मिशांना पीळ दिला. “उद्यापासून जंगलात पाऊल टाकायचं नाही. पोलिसाचा हुकूम आहे!” मग जंगलाकडची वाट सोडून, लांबच्या डांबरी रस्त्यानं घरी गेला. वारा होता ना, म्हणून!

दुसऱ्या दिवशी दसरा. परमुलुख असला म्हणून कुसुमताई सण सोडणाऱ्या नव्हत्या. खिडकीतल्या पाटावर त्यांनी बाबांची गणिताची फुटपट्टी, भाजी चिरायची सुरी, शिवणाची कात्री मांडली आणि मधोमध आजोबांचा पितळी बिल्ला. आजोबा मराठा पलटणीत हवालदार होते. बिल्ल्यावर वळलेलं शिंग आणि वर इंग्रजी मुकुट. दर दसऱ्याला तो चिंचेनं घासायचं काम सुरेखाचं. डोळे मिटून चाचपला तरी तिला त्याचा कंगोरा न कंगोरा ठाऊक होता.

“आई, विनयला सापडलेलंपण घासू?”

“घास. पण देवाशेजारी नको हं. कुणाचं कोण जाणे!”

सुरेखानं चिंचेचा कोळ आणि मीठ लावून अंगठा फिरवला. चिखल उतरला. खाली तोफ दिसली, तिचं चाक दिसलं, वर मुकुट. पितळ सोन्यासारखं उजळलं. हिरवा डाग म्हणून नाही!

“टॉमीचाच!” उल्रिके म्हणाली. “नांगर फिरला की निघतात असले. लामर्स तांटेनं डबाभर जमवलेत.” तिनं फडताळातून इंग्रजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि पाटाशेजारी उपडा केला. हिरवटलेले, चेपलेले बिल्ले खळखळले.

सुरेखाचा अंगठा सवयीनं विनयच्या बिल्ल्यावरून फिरत होता. फिरता फिरता अडला. तिनं आजोबांचा बिल्ला चाचपला. मग पुन्हा हा.

“काय गं? काटा बोचला का?” आईनं विचारलं.

“मुकुट वेगळाय! आजोबांचा मुकुट वरून गोल आहे, पालथ्या वाटीसारखा. हा मधे दबलाय. कुणी बोटानं दाबल्यासारखा!”

विनयनं शेतातले बिल्ले भराभर मांडले. शिंगाचा, घोड्याचा, तोफेचा… “ही वाटी, हीपण वाटी, सगळ्या वाट्या!” उत्साहाच्या भरात तो मराठीत बोलला हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

“श्रीरंगकाकांच्या बिल्ल्यावर तर मुकुटच नाही,” सुरेखा पुटपुटली. “तेच शिंग, तीच पलटण. पण वर सिंह.”

“मग? स्वराज्य आलं तेव्हा बदलला तो,” कुसुमताई वाती वळत म्हणाल्या. “राज्य बदललं की आधी डोईवरचं बदलतं, बाई. शिपाई तोच राहतो.”

सुरेखा ताडकन उठली. राज्य बदललं की! तिनं तो रिकामा बिस्किटांचा डबा उचलला. झाकणावर इंग्रजांच्या नव्या राणीचं चित्र होतं. खाली साल, १९५३. आणि राणीच्या नावावर एक मुकुट.

मधे दबलेला.

“आई! तो शिपाई पंचेचाळीसात मेला, राजाच्या वेळी. हा मुकुट तर राणीबरोबर त्रेपन्नात आला! मेलेला माणूस टोपीवरचा बिल्ला बदलतो का?”

मग तिनं तेच उल्रिकेला जर्मनमध्ये सांगितलं.

“म्हणजे…” उल्रिके म्हणाली. “म्हणजे तो टॉमी…”

“जिवंत आहे! तीन दिवसांपूर्वीपर्यंत इंग्रजी फौजेच्या कवायती चालल्या होत्या इथं. विनयनं लॉऱ्या मोजल्या होत्या! त्यातला कुणीतरी मागे राहिलाय. भूत नाही, माणूस वाजवतोय! आणि आपण झडपा लावून बसलो!”

विनयनं खिडकी उघडून डाव कॅनवर हाणला. तीनदा. सगळ्यांनी कान दिले.

धुकं. नुसतं धुकं.

मग कितीतरी वेळानं, एकदाच, अगदी क्षीण… टण.

“तो संपत चाललाय,” सुरेखा म्हणाली.

थेओ अंगणातल्या बाकावर पाव खात होता. सुरेखानं त्याला बिल्ला दाखवला, डबा दाखवला, दम न घेता सगळं सांगितलं. त्यानं पावाचा तुकडा सावकाश गिळला.

“आल्झो, हे बघ मुली. इंग्रज येऊन विचारून गेले माझ्याकडे. त्यांचा एक पोरगा पळालाय. हॉलंडला गेला असणार. जंगलात कुणी नाही, असं मी लिहून दिलंय.”

“जंगलात जाऊन बघितलंत?”

“बघायचं काय त्यात? आणि मुकुटबिकुट पोरांनी मला शिकवू नये!”

पाहिलंत? एका शिपायाचा जीव जातोय आणि दुसरा शिपाई लोणी लावतोय! सुरेखाला रडू फुटणार, इतक्यात तिची नजर बाकावर गेली. टोपी! टोपीवाचून थेओ कधी गावाबाहेर पडला नव्हता. टक्कल दिसतं ना!

तिनं विनयकडे पाहिलं. विनयनं टोपीकडे पाहिलं. भावंडांना याहून जास्त बोलावं लागत नाही.

झप्!

“ए! माझी टोपी! सरकारी टोपी आहे ती!”

विनय वाऱ्यासारखा सुटला, थेट जंगलाकडे! मागे सुरेखा, तिच्यामागे उल्रिके, आणि सगळ्यांच्या मागे मिशा फेंदारलेला थेओ. “थांब, चोरा! तुरुंगात घालीन!” धुक्यात सगळे दिसेनासे झाले, थेओचा आरडाओरडा तेवढा झाडांवर आपटत राहिला.

काट्यांच्या जाळीपाशी विनय थांबला. इथंच बिल्ला सापडला होता. सुरेखानं जाळीत हात घातला; ओरखडे उठले. आत एक निळी टोपी अडकली होती, बिल्ल्याच्या जागी फाटलेली. त्यापुढे शेवाळानं झाकलेल्या कुजक्या फळ्या. मधे भगदाड, काळंकुट्ट.

थेओ पोचला. त्यानं विनयचा कान धरला. “आता सापडलास!”

टण.

पायाखालून आला आवाज! थेओचा हात विनयच्या कानावरून आपोआप सुटला. तो हळूहळू गुडघ्यांवर बसला. वरून आलेल्या उजेडाच्या पट्टीत, भगदाडाच्या तळाशी, एक चिखलानं भरलेला चेहरा दिसला. पोरसवदा. ओठ फुटलेले. एक पाय वाकडा दुमडलेला.

“वॉटर,” तो चेहरा म्हणाला.

“माइन गॉट!” थेओ पुटपुटला. भीती होती ती गळून पडली, उरली शरम. त्यानं कोट काढला. “उल्रिके, शिडी आण, दोर आण! विनय, शेजारच्यांकडे फोन आहे, रुग्णगाडी बोलवायला सांग!” आणि कुणाची वाट न बघता, कडेची मुळं धरत स्वतः खाली उतरला.

उल्रिकेच्या मागोमाग फ्राऊ लामर्स धावत आल्या. एका हातात शिडीचं टोक, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. कुसुमताईंच्या पूजेतलाच उचलला होता. थेओनं शिपायाला खांद्यावर घेऊन वर दिलं. फ्राऊ लामर्सनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाणी पाजलं. एक थेंबही सांडला नाही.

“पी, बाळा,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. त्याला भाषा कळली नसेल, पाणी कळलं.

शिपायाचं नाव डेरेक. वय अठरा. अंधारात फळ्यांवर पाय पडला, पाय मोडला आणि पलटण पुढे निघून गेली. एका लॉरीला वाटलं तो दुसरीत आहे, दुसरीला वाटलं तो पहिलीत!

बाबा दुपारच्या बसनं आले तेव्हा अंगणात इंग्रजांची जीप उभी होती. “कुसुम, अगं काय हे? पोरं ठीक आहेत ना?”

“अहो, ठीक काय विचारता! तुमच्या लेकीनं चिंचेनं माणूस वाचवलाय!”

जीपमधल्या अधिकाऱ्यानं सुरेखाचा हात हातात घेतला. “मिस, आमच्या इतक्या लोकांनी त्याला गावोगावच्या बिअरच्या दुकानांत शोधलं. तू त्याला एका मुकुटात शोधलंस!” थेओनं टोपी काढून विनयला कडक सलाम ठोकला. टक्कल सगळ्यांना दिसलं. पण आज त्याला त्याचं काही वाटलं नाही.

“आणि तो डबा?” अधिकाऱ्यानं विचारलं. “डेरेक म्हणतो, त्याची पिशवी लॉरीतच राहिली. त्याच्याजवळ डबा नव्हताच.”

“नव्हता?” विनयचे डोळे विस्फारले. “मग तो वाजवत काय होता?”

थेओनं कोटाखालून एक वस्तू काढून बाकावर ठेवली. गंजलेला, चेपलेला, चौकोनी जेवणाचा डबा. “खड्ड्यातल्या चिखलात त्याच्या हाताला लागला म्हणे.”

सुरेखानं बुडावरची माती अंगठ्यानं पुसली. ठोकलेले आकडे उमटले. १९४३.

फ्राऊ लामर्सनी डबा उचलला आणि कितीतरी वेळ दोन्ही हातांत धरला.

“त्याचाच आहे,” त्या म्हणाल्या. “त्या रात्री आम्ही गेलो नाही. तरी त्यानं आपला डबा दुसऱ्याला दिला.”

कुसुमताईंना जर्मन येत नव्हतं. पण त्यांनी बाईंचा चेहरा वाचला, डबा त्यांच्या हातून अलगद घेतला आणि पाटावर आजोबांच्या बिल्ल्याशेजारी, अगदी देवाजवळ ठेवला. दोघांना हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं या मुलखात कुठली! विनयनं अंगणातली पिवळी बीचची पानं ओंजळभर आणली आणि सोनं म्हणून सगळ्यांना वाटली. एक पान त्यानं डब्यातही टाकलं.

तिन्हीसांजेला पुन्हा धुकं आलं, झाडांतून रांगत, अंगणापर्यंत. उल्रिके सवयीनं झडपा ओढायला उठली.

“राहू दे,” फ्राऊ लामर्स म्हणाल्या. “उघड्याच राहू देत आज.”

सगळे कान देऊन बसले. दिव्याचा उजेड खिडकीतून धुक्यात लांबवर पसरला होता. जंगल गप्प होतं. आणि पहिल्यांदाच, नुसतं गप्प होतं.