मान वळवू नकोस

माझ्या हातून कप निसटायला लागले, तेव्हा घरात आधी थट्टाच झाली. सून म्हणाली, "आई, नवा सेट हवा असेल तर सरळ सांगा की. एकेक करून कशाला फोडताय?" मीही हसले. मग एके सकाळी ब्लाउजचं बटण लावता येईना. बोटं होती जागच्या जागी, पण सांगितलेलं ऐकत नव्हती. त्यानंतर कोणी हसलं नाही.

मानेच्या मणक्यात नस दाबली गेली होती. शस्त्रक्रिया लवकर केली तर हात वाचतील, असं सर्जन म्हणाले. पण त्याआधी त्यांना आतला फोटो हवा होता, त्या बोगद्यासारख्या मशीनमधला. तिथेच माझं घोडं अडलं. पहिल्या वेळी आत सरकवल्याबरोबर मी हातातला रबरी फुगा दाबला आणि बाहेर आले. दुसऱ्या वेळी तर फुगा दाबायचंही सुचलं नाही, नुसती ओरडत सुटले. गुंगीचं औषध द्यावं, तर माझ्या छातीत कापसाची धूळ साठलेली. उभा जन्म सूतगिरणीत गेला त्याची ही पेन्शन. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "जागेपणीच करावं लागेल, आजी."

अंधाराची किंवा भुताखेतांची मला भीती नाही. आयुष्यभर मी यंत्रांजवळ काम केलं आहे आणि यंत्र काय करतं, का करतं, हे मला कळतं. माझी भीती वेगळी आहे. उठावंसं वाटलं तर उठता येणार नाही, एवढं मनात आलं की छातीवर कोणीतरी येऊन बसतं.

तिसऱ्या खेपेला मशीनवरच्या बाईंनीच तोड काढली. उंच, चटपटीत बाई. म्हणाल्या, "घरचं कोणीतरी आत पायाशी बसू दे. पाय धरून ठेवायचा. तेवढ्याने पुष्कळांचं निभतं."

"मी बसते," सून म्हणाली. तिने अंगावरचं धातूचं सगळं काढून डब्यात ठेवलं. "पाहिजे तर गुदगुल्या करीन, आई."

"हललात तर फोटो बिघडेल हं," बाई म्हणाल्या. "आणि एकदा दार लावलं की आवाज थांबेपर्यंत मी आत येत नाही. मी काचेपलीकडे आहे. फुगा हातात आहेच."

"आणि अडकले तर?"

"दोन्ही बाजूंनी उघडं आहे, आजी. अजून कोणी आत राहून गेलेलं नाही."

खोली पांढरी आणि गार होती. मला निजवून त्यांनी कानात बोळे घातले, वर मोठे हेडफोन चढवले, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखं झाकण बसवलं. पायांवर चादर टाकली. सुनेने प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि माझा डावा पाय चादरीखाली दोन्ही हातांत घेतला. तिचे तळवे घामेजलेले होते. मला धीर द्यायला आलेली ही मुलगी स्वतःच घाबरली होती.

मी डोळे मिटले. पट्टा सरकला. कोपरं भिंतींना लागली. छत नाकापासून वीतभरही लांब नसेल, हे न बघताच कळत होतं, कारण माझाच श्वास गरम होऊन तोंडावर परत येत होता. फक्त डोक्याकडून पंख्याचा बारीकसा वारा येत होता. टाळूला तो गार लागत होता. मी त्या वाऱ्याला धरून राहिले.

मग आवाज सुरू झाला.

आधी ठोके, मग घरघर, मग सगळं अंग दणाणून सोडणारा खडखडाट. गंमत सांगते, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. तो आमच्या गिरणीतल्या वाइंडिंग खात्याचा आवाज होता. तिथे शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून आम्ही बायका बोटांनी बोलायचो. दंडावर, पाठीवर, हाताला लागेल तिथे. एक लांब दाब म्हणजे, मी आहे इथे. अंगठ्याने गोल फिरवलं म्हणजे, धागा तुटलाय. सासवांच्या चहाड्यासुद्धा आम्ही एकमेकींच्या पाठीवर सांगितल्या आहेत. त्यात सगळ्यांत वटवट करायची ती लवंगी. अंगाने काडी, तोंडाने फटाका, म्हणून ते नाव. बाहेरच्या बाईला त्यातलं अक्षर कळत नसे आणि आम्हीही ते कधी घरी नेलं नाही. कपडे बदलले की ती भाषा गिरणीतच राहायची.

पण आठवणीवर किती वेळ तग धरणार? खडखडाट थांबेना. छातीवर येऊन बसणारं येऊन बसलं. श्वास अर्ध्यातच अडायला लागला. हात गेले तर जाऊ देत, मला बाहेर काढा, असं मनाशी म्हणत मी फुग्याभोवती बोटं आवळली.

तेव्हा उजव्या पायावर हात पडला.

घोट्याच्या वर, चादरीखाली. एक लांब दाब.

मी बोटं सैल केली. मला वाटलं, सुनेने हात बदलला. शहाणी पोर, बरोबर वेळ साधली. श्वास पोटापर्यंत उतरला.

मग ध्यानात आलं, की डावा पाय अजून धरलेलाच आहे. दोन्ही हातांनी.

उजव्या पायावरचा हात कोरडा होता, खरखरीत. सुताने बोटांना घट्टे पडतात तसा. त्याने पुन्हा दाब दिला, लांब आणि सावकाश. मी आहे इथे. मग अंगठा गोल फिरला, थांबला, उलटा फिरला. उलटा म्हणजे, सांधला धागा, आता चालू दे. उलटं फिरवताना शेवटी एक झटका. तो झटका लवंगीचा. बाकी कोणी तसं करत नसे.

लवंगी पाळीवरच गेली होती. दुसऱ्या एका बाईचं यंत्र सांभाळत असताना, बसल्या जागी. त्याला इतकी वर्षं झाली, की त्या खात्यातलं आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

मी स्वतःला समजावलं. नस दाबलेली आहे, पायाला भास होणारच. सर्जननी असं काहीसं सांगितलंही होतं. मी मनात जुनी पाठांतरं म्हणायला घेतली.

डाव्या पायावरचे हात तसेच घट्ट होते.

उजव्या पायावर दोन टिचक्या बसल्या. जवळजवळ, घाईत.

ही खूण शिकवायला लागत नसे, गिरणीत पहिल्याच दिवशी कळायची. दोन टिचक्या म्हणजे, तुझ्या मागे कोणी उभं आहे. मान वळवू नकोस.

माझ्या मागे बोगद्याचं दुसरं तोंड होतं.

पुन्हा दोन टिचक्या.

टाळूवरचा वारा थांबला. पंखा बंद पडल्यासारखा नव्हे. मध्ये कोणी येऊन उभं राहिल्यासारखा.

फुगा माझ्या मुठीत होता. मी दाबला नाही. पापणी हलवली नाही. श्वाससुद्धा चोरून घेतला.

उजव्या पायावरचा हात घट्ट झाला.

किती वेळ गेला, माहीत नाही. डाव्या पायावरचा एक हात मध्येच सुटला, क्षणभराने परत आला.

मग टाळूला वारा लागला. उजव्या पायावरचा हात हळूच सुटला आणि खडखडाट थांबला.

"आजी, कमाल केलीत!" दार उघडून बाई आत आल्या. "फोटो काय स्वच्छ आलेत! दगडासारख्या पडून होतात." त्यांनी पट्टा बाहेर घेऊन झाकण काढल्यावर मी उठून बसले. मागे वळून पाहिलं. गोल भोक आणि पलीकडे पांढरी भिंत, बाकी काही नव्हतं.

टॅक्सीत मी शक्य तितक्या सहज विचारलं, "माझा उजवा पाय धरला होतास का गं?"

"नाही हो. डावाच. खरं सांगू? माझीच तंतरली होती. डोळे गच्च मिटून बसले होते नुसती. शेवटी त्या मशीनवाल्या बाईच आल्या मला धीर द्यायला."

"आत आल्या?"

"आल्या ना. काही बोलल्या नाहीत, त्या आवाजात काय बोलणार म्हणा. माझं मनगट धरलं. असं." तिने माझं मनगट हातात घेतलं, आतल्या बाजूला अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि बोटं मिटून घेतली. "केवढा खरखरीत हात आहे त्यांचा."

ही खूण मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. यंत्र सोडून जायचं असलं, की शेजारणीला ती करायची. माझ्या जागी आता तू. शेजारणीला नको असेल तर तिने हात काढून घ्यायचा. तिने तीच खूण उलट केली, की ठरलं. मग पहिली मोकळी व्हायची आणि दुसरीला तिथून हलता येत नसे.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? मीही त्यांचं मनगट धरून तस्संच केलं," सून हसली. "बरं वाटलं असेल त्यांना. लगेच गेल्या."