गार मोजा

आनूच्या पोटावरून राखाडी हातमोजा फिरला आणि त्याच्या मनगटावर हिरवा दिवा लागला. म्हणजे पोट मऊ आहे, मुलीला घरी न्या. बाल्टिक समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या देशात आता असंच ठरे. राजधानीतल्या बालरुग्णालयात कुणाला पाठवायचं, ते जिल्ह्याच्या रुग्णालयातला स्पर्शमोजा सांगे. दिवा तांबडा झाला तरच गाडी निघे.

एस्तेर सिस्टरनं मोजा काढला. हात स्वतःच्या मानेवर ठेवून ऊब आणली आणि सहा वर्षांच्या आनूच्या पोटावर टेकवला. दाबताना नाही, पण हात उचलताना पोरगी कळवळली. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं होतं. फार वेळ उरला नव्हता.

मोज्यातला स्पर्श एस्तेरचाच होता. तिला मिरजेहून इथं आणणारी वैजूताई विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टर होती. तिनंच तीन वर्षं एस्तेरच्या हातात तो मोजा चढवला होता. "तुझा हात गावोगावी पोचेल गं," म्हणाली होती. दाब, ताठरपणा, पोराचं अंग चोरणं, सगळं मोजा टिपून घेई. मग तसे मोजे सतरा रुग्णालयांत गेले. त्याला चार महिने झाले होते.

एस्तेरनं ताईला पडद्यावर बोलावलं.

"ताई, मोजा चुकतोय. गाडी पाठवायला सांग."

"दिवा हिरवा असला की माझंही कुणी ऐकत नाही. तू मोजा शिकवणीवर लाव, तीन वर्षं शिकवलंस तसा. मोजा घालून पुन्हा तपास आणि तांबडं सांग. शिकवणीत तुझाच शब्द चालतो."

"पण हा चुकलाच कसा?"

वैजूताई चष्मा पुसत राहिली. "फार दुखणाऱ्या पोरांना मोजा गार लागतो म्हणून तू तो काढून हात लावायचीस."

"हो. तुला सांगितलं होतं की. लिहून घेते म्हणालीस."

"नाही लिहिलं. लिहिलं असतं तर शिकवणीत आणखी दोन वर्षं गेली असती. वरच्यांना मोजे लगेच हवे होते."

म्हणजे सर्वांत आजारी पोरं मोज्यानं कधी पाहिलीच नव्हती.

"नाताळात माझ्या घरी बसून मटण जेवलीस, ताई. तेव्हाही ठाऊक होतं?"

"होतं."

एस्तेरनं मोजा शिकवणीवर लावला. तिनं तो काखेत धरून गरम केला. इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत दोघींनाही सुचली नव्हती. मग तो चढवून तिनं पोट तपासलं. आनू पुन्हा कळवळली, एस्तेरनं तांबडं सांगितलं, दिवा तांबडा झाला आणि आवारात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आनूच्या आईनं जाताना तो मोजा घातलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

पडद्यावर ताई अजून होती.

"एक तरी खरं दुखरं पोट मिळालं त्याला," ती म्हणाली. "उद्यापर्यंत बाकीचे सोळाही शिकतील."

"आणि चार महिन्यांत हिरव्या दिव्यावर घरी गेलेली पोरं? त्यांच्या पोटावरून कुणाचा हात फिरला, ताई? माझा की तुझा?"