रोजची अर्धी गाडी

लातूरच्या गोदामातून आलेली गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यासमोर उघडली, आणि मी भडकलेच.

नांदेडच्या आमच्या मोठ्या दुकानात माल उतरवून घेण्याचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. गाडीत पुढे तेलाचे डबे, साबणाची खोकी... आणि बाकी सगळी मोकळी जागा!

“अर्धीच गाडी? उरलेला माल वाटेत लोह्याला विकला का?”

“न्हाई मॅडम,” ड्रायव्हर केसांतलं पाणी झटकत हसला. “बाकी हवा भरून आणली. लातूरची हाय, लई गुणकारी.”

हसू दिसू नये म्हणून मी ओठ दाबले, पण त्यानं ते पाहिलंच. त्याचं नाव नागसेन.

मग रोज गाडी आणि रोज नागसेन. माल उतरेपर्यंत आमचा चहा व्हायचा. मॅडमची मी बुद्धप्रिया झाले, तुम्हीचं तू झालं. माझ्या डब्यातली निम्मी भाकरी खाऊन तो वर म्हणायचा, “मीठ कमी हाय.” हॉर्न ऐकला की माझा हात उगाच केसांवरून फिरायचा.

पण माझा स्वभावच मेला वाईट. नासाडी दिसली की जिवाला चैन नाही. गाडी अर्धी येते, परत जाताना तर पूर्ण रिकामी... एवढं डिझेल नुसतं धुरात! अशात आमचे मॅनेजर व्यंकट सर म्हणाले, “कंपनीला खर्च आणि धूर दोन्ही कमी करायचेत. काही सुचतं का?”

सुचलं होतं. गाडी एक दिवसाआड, मंगळ-गुरु-शनि, पण गच्च भरून. परतताना अर्धापूरची केळी, लातूरच्या दुकानासाठी. मी गप्प बसले असते तर नागसेन रोज आला असता. दोन दिवस माझं तळ्यात-मळ्यात चाललं. मग सांगून टाकलं. सर खूश झाले आणि मी रडवेली.

पुढच्या खेपेला नागसेननं चहा घेतला नाही.

“एक दिवसाआड मला सोलापूरच्या गाडीवर टाकायलेत. कोणी सुचवलं हे?”

“मी.”

“अस्सं...” तो किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. “माझं रोजचं येणं खुपत होतं का तुला?”

“गाडीचं खुपत होतं. तुझं—”

तेवढ्यात सरांची हाक आली, आणि मी वळून येईपर्यंत तो गेला होता.

बुधवारी गाडी नव्हती. भांडायला कुणी नव्हतं. भूक लागूनही डबा उघडावासा वाटेना.

“आज तरी मीठ घातलं का?”

दचकून पाहिलं, तर नागसेन! इस्त्रीचा शर्ट, तोही गर्दीत पार चुरगळलेला.

“तू? आज तर गाडी नाही!”

“गाडी न्हाई म्हणून मी बी यायचं न्हाई का? एसटीनं आलो. सोलापूरची बुधवारची खेप दुसऱ्याला दिली, सुट्टी मागून घेतली. आता दर बुधवारी येणार.” तो जरा थांबला. “खरं सांग... ते सुचवताना माझी आठवण आली न्हाई?”

“आली. लई आली. आवडतोस तू मला, नागसेन. पण म्हणून रोज डिझेल जाळायचं का?”

तो इतक्या मोठ्यानं हसला, की काउंटरवरच्या पोरी वळून बघायला लागल्या.

“मला बी तू आवडतीस. लई भांडखोर हायस, तरी बी.”

“मग सांजच्याला घरी चल जेवायला. आईच्या हातचं खा.”

त्याचं हसू थबकलं. “आणि आईला काय सांगशील, मी कोण म्हणून?”

“सांगीन,” मी म्हटलं, “गाडी नसताना आलेला माणूस हाय.”